प्रवाळांचा शेजार

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते, दक्षिणेकडे तापीचे खोरे पसरले आहे. खाऱ्या पाण्याशी येथील माणसाचा संबंध मिठापुरताच. परंतु नर्मदेच्याच खोऱ्यात, पूर्वेस मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात, बाघ गावाच्या परिसरात समुद्री जीवांचे अवशेष असलेले खडक आहेत. सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा एक फाटा तेथे शिरला होता. त्यातील एका थराला भूवैज्ञानिक ‘प्रवाळी चुनखडक’ म्हणत आले. वस्तुतः त्यातील बहुतेक अवशेष प्रवाळांचे नसून ब्रायोझोआ नावाच्या, वसाहत करून राहणाऱ्या निराळ्याच सूक्ष्म प्राण्यांचे आहेत. एका नावाखाली आणल्याने जीव एक होत नाहीत, हा पहिला धडा हा दगडच देतो.

हाच धडा आज काचेच्या पेटीत समुद्र उभा करू पाहणाऱ्यांना नव्याने शिकावा लागतो. प्रवाळ म्हणजे फूल नव्हे, दगडही नव्हे. तो असंख्य सूक्ष्म प्राण्यांची वसाहत असतो. सर्वांना चालेल असे पाणी तयार करता येते. उष्णता 25-26 अंश सेल्सिअस, दर किलो पाण्यात 35 ग्रॅम क्षार, दर लिटरमध्ये सुमारे 420 मिलिग्रॅम कॅल्शियम, एवढे सांभाळले की पाण्याची सोय झाली. पण पाणी एक असले तरी गरजा एक नसतात. फांद्यांच्या ॲक्रोपोराला प्रखर उजेड आणि जोराचा प्रवाह हवा. छत्रीसारख्या काही मृदू जातींना मंद उजेड आणि संथ पाणीच मानवते.

शिवाय हे शांत दिसणारे जीव शांत नसतात. गॅलॅक्सिया नावाचा प्रवाळ आपले लांब, दंश करणारे स्पर्शक रात्री दूरवर फिरवतो आणि आवाक्यात येणाऱ्या शेजाऱ्याला भाजून काढतो. काही मृदू प्रवाळ पाण्यात रसायने सोडून दुसऱ्यांची वाढ खुंटवतात. ज्युडिथ लँग या संशोधिकेने जमैकाच्या समुद्रात केलेल्या निरीक्षणांतून 1971 साली दाखवून दिले, की काही प्रवाळ आपल्या पोटातील तंतू बाहेर काढून शेजाऱ्याचे मांस जागच्या जागी पचवतात. एकाच जातीची दोन रूपे समजले गेलेले प्रवाळ भिन्न जातींचे आहेत, हेही तिला याच हल्ल्यांवरून उमगले. म्हणून जाणता पाळणारा दोन वसाहतींमध्ये अंतर ठेवतो, आक्रमक जातीला प्रवाहाच्या उताराकडे बसवतो, कोळशाच्या गाळणीतून पाणी फिरवतो. तेवढ्यानेही न भागल्यास दुसरी टाकी करतो.

येथे खरा प्रश्न उभा राहतो. मालवणच्या समुद्रातही अनेक जातींचे प्रवाळ शेजारी शेजारी राहतात आणि झगडतात. पण त्या शेजाराचा जाब कोणाला विचारावा? काचेच्या टाकीत मात्र तो शेजार कोणीतरी घडवलेला असतो. ज्याने एकत्र आणले, त्याच्यावर प्रत्येकाच्या जगण्याचे उत्तरदायित्व येते. आणण्याचा अधिकार होता का, हाही प्रश्न आलाच. आपल्या देशात 2001 सालापासून दगडी प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, स्थान आहे. आपल्या समुद्रातून ते उचलून दिवाणखान्यात ठेवणे हा गुन्हा आहे. सौंदर्याचे प्रेम हा मालकीचा दाखला होऊ शकत नाही.

माणसे म्हणजे प्रवाळ नव्हेत. परंतु माणसांनाही कोणीतरी एकत्र आणत असतेच. 2011 च्या जनगणनेनुसार नंदुरबारच्या लोकसंख्येपैकी सुमारे 69 टक्के लोक आदिवासी आहेत. पण ‘आदिवासी’ या एका शब्दाखाली भिल्ल, पावरा, मावची, कोकणा असे निरनिराळे समाज आहेत, निरनिराळ्या बोली आहेत. आश्रमशाळेत वा वसतिगृहात ही मुले एका छपराखाली येतात. ताट एक, घंटा एक, पाठ्यपुस्तकाची मराठी एक. व्यवस्थेच्या दृष्टीने सारे ठीक असते. परंतु आपल्या बोलीत घरभर बोलणारे एखादे पोर तेथे महिनोन् महिने मुके होते, तेव्हा आपण त्याला ‘शहाणे, शांत मूल’ म्हणतो. एकीची किंमत तेच एकटे मोजत आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही. कोमेजणारा प्रवाळही आवाज करीत नाही.

मग प्रत्येकाला वेगवेगळे ठेवावे काय? येथे मात्र सावध राहिले पाहिजे. अंतराच्या नावाखाली आपल्या देशात कितीतरी पिढ्यांना पाणवठ्यापासून दूर ठेवले गेले. बलवानाने दुर्बळावर लादलेले अंतर हा अन्याय असतो. दुर्बळाच्या वाढीसाठी बलवानाने स्वतःहून सोडलेली जागा हा शेजारधर्म असतो. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. ती ओळखण्याची कसोटी एकच: त्या अंतरामुळे वाढ कोणाची होते? आणि प्रवाळाला जे कधीच साधत नाही, ते माणसाला साधते. तो आपले लांब हात आवरून घेऊ शकतो, शेजाऱ्याची भाषा शिकू शकतो.

म्हणून आपल्या घरात, शाळेत, पॅरिशमध्ये जेव्हा ‘आम्ही सगळे एक आहोत’ असे आपण अभिमानाने म्हणतो, तेव्हा क्षणभर थांबून कोपऱ्यातल्या गप्प माणसाकडे पाहावे. त्याच्या वाट्याला उजेड किती येतो, हे विचारावे. त्याचे उत्तर त्याच्या बोलीत ऐकण्याची तयारी नसेल, तर आपण माणसे एकत्र ठेवली आहेत एवढेच खरे. एकत्र राहणे अजून सुरू व्हायचे आहे.