कुलुपाचें आयुष्य

एखादी गोष्ट गुप्त ठेवण्याचें वचन आपण देतों, तेव्हां त्या वचनाची मुदत किती, हें बहुधा कोणी विचारीत नाहीं. कर्जाच्या खतावर मुदत घालावयाची आणि गुपिताच्या वचनावर मात्र घालावयाची नाहीं, ही आपली जुनी संवय आहे. वस्तुतः प्रत्येक कुलुपाला वय असतें. आणि दुसऱ्याची ठेव ज्यानें आपल्या कुलुपांत ठेवून घेतली, त्यानें तें वय ओळखणें हें केवळ व्यवहारचातुर्य नव्हे, तर तें त्याचें नैतिक कर्तव्य आहे, असें मला वाटतें.

या प्रश्नाचा एक मोठा दाखला आपल्या मराठवाड्यांतच आहे. नांदेड जिल्ह्यांतील माहूर हें दत्तात्रेयांचें स्थान महानुभाव पंथीयांस परम पूज्य. या पंथाचे ग्रंथ तेराव्या शतकापासून मराठींत लिहिले गेले. ते मराठींतच असावेत असा नागदेवाचार्यांचा आग्रह होता. संस्कृत न जाणणाऱ्या सामान्य स्त्रीपुरुषांस त्यांपासून वंचित व्हावें लागूं नये, हा त्यांतील हेतु. परंतु पुढल्याच शतकांत हे ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपींत बंद झाले. सकळ लिपीचें जनकत्व परंपरा 'सह्याद्रिवर्णन' लिहिणाऱ्या रवळोबासांकडे देते. तिची युक्ति साधी : एका अक्षराच्या जागीं दुसरें ठरीव अक्षर लिहावयाचें. भाषेंत कोणतें अक्षर किती वेळां येतें हें मोजून असा संकेत उलगडतां येतो, हें अरब पंडित अल्-किंदी यानें नवव्या शतकांतच लिहून ठेविलें होतें. म्हणजे कुलूप कच्चेंच होतें. तरीही तें पांचशेंहून अधिक वर्षें टिकलें; विसाव्या शतकाच्या आरंभीं वि. का. राजवाडे यांनीं त्याची किल्ली जगापुढें मांडली, तेव्हां कोठें तें उघडलें.

तें टिकलें तें स्वतःच्या बळावर नव्हे. उघडूं पाहणारा जाणता मनुष्य त्या वाटेला फारसा गेला नाहीं, म्हणून टिकलें. आणि त्या टिकण्याची किंमतही थोडी नव्हती. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ 'लीळाचरित्र' मराठी वाचकांस शतकानुशतकें परका राहिला, आणि जें वाचतां येत नाहीं त्याविषयीं भलभलते तर्क करावयास लोक मोकळे झाले. जें सर्वांसाठीं लिहिलें, तेंच सर्वांपासून लपलें.

आतां आजचें कुलूप पाहूं. १९७६ सालीं डिफी व हेलमन या अमेरिकन संशोधकांनीं दोन किल्ल्यांच्या कुलुपाची कल्पना प्रसिद्ध केली. एक किल्ली चव्हाट्यावर टांगलेली असावी, तिनें कोणीही पेटी बंद करावी. दुसरी मालकाच्या कनवटीला असावी, आणि पेटी फक्त तिनेंच उघडावी. पुढल्याच वर्षीं रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन यांनीं अंकगणिताच्या साहाय्यानें ती प्रत्यक्षांत आणिली. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणें सोपें. पण गुणाकार हातीं देऊन त्या दोन संख्या शोधा म्हटलें, तर संगणकही थकतो. एखादी संख्या मूळ आहे कीं नाहीं, हें झपाट्यानें ठरविण्याची निश्चित रीत अगरवाल, कयाल व सक्सेना यांनीं २००२ सालीं कानपुरास सिद्ध केली. अवयव पाडण्याची तशी रीत मात्र साध्या संगणकासाठीं अद्याप कोणास सांपडलेली नाहीं. येथें शब्द जपून वाचावयास हवेत. 'सांपडलेली नाहीं' आणि 'असूंच शकत नाहीं' यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे, आणि दुसरें विधान आजवर कोणीं सिद्ध केलेलें नाहीं.

हें अंतर विसरलें म्हणजे काय होतें, तेंही घडून गेलें आहे. १९७७ सालीं या पद्धतीनें बंद केलेला एक संदेश एका विज्ञानविषयक मासिकांत आव्हान म्हणून छापला गेला. त्याची संख्या १२९ अंकी होती, आणि ती फोडावयास चार कोटी अब्ज वर्षें लागतील असा अंदाज त्याबरोबर दिला होता. ती सतरा वर्षांत फुटली. ज्या १९९४ सालीं नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें, त्याच सालीं सुमारें सहाशें स्वयंसेवकांनीं आपापले संगणक कामास लावून तिचे अवयव पाडले. त्याच वर्षीं पीटर शोर यांनीं दाखविलें कीं, क्वांटम तत्त्वावर चालणारा मोठा संगणक झाल्यास ही गणितें त्याला सहज सुटतील. तेवढा समर्थ संगणक कोणीं उभा केल्याचें अद्याप प्रसिद्ध नाहीं. तरी अमेरिकेच्या मानक संस्थेनें २०२४ च्या ऑगस्टांत नव्या धर्तीच्या कुलुपांचीं तीन मानकें जाहीर केलीं, तीं या भयामुळेंच.

कोणी म्हणेल, कुलूप फुटेल तेव्हां बदलूं. पण दाराचें कुलूप बदलतां येतें, चोरानें उचलून नेलेल्या पेटीचें बदलतां येत नाहीं. १९४० ते १९४८ या काळांतील सोव्हिएत तारा अमेरिकेनें जपून ठेविल्या होत्या, आणि त्या उलगडण्याचें काम १९८० पर्यंत चालूं होतें. आज न वाचतां येणारें पत्र आज सांठवून ठेवावें आणि वीस वर्षांनीं वाचावें, यास कोणतें गणित आडवें येणार?

येथून प्रश्न नीतीचा होतो. लातूरचा शेतकरी आज घरबसल्या जो डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढतो, त्याचा खरेपणा याच जातीच्या गणितावर उभा आहे; तें ढासळलें तर खोटी स्वाक्षरी खरी ठरेल आणि तंटा त्याच्या मुलाच्या दारीं येईल. एखाद्या मुलीच्या आजाराचा कागद आज रुग्णालयाच्या संगणकांत जातो. तो तिच्या साठाव्या वर्षींही गुप्त राहावयास हवा. वचन देणारा तोंवर निवृत्त झालेला असेल, आणि भोगणाऱ्यास तर कोणीं विचारलेंही नव्हतें.

यावर, शाश्वत कुलूप नाहींच तर कुलूपच नको, असें म्हणणें अविचाराचें होय. सामान्य पत्राला दहा वर्षांचें कुलूप पुरतें, लिलावाच्या बोलीला एका रात्रीचें. मागावयाचें तें इतकेंच : ठेव घेणाऱ्यानें ती किती काळ झांकून राहिली पाहिजे हें आधीं ठरवावें, आपल्या कुलुपाचें वय प्रामाणिकपणें सांगावें, आणि जी गोष्ट त्याहून अधिक काळ जपावी लागेल ती गरज नसतां गोळाच करूं नये. तसेंच ज्याचें गुपितपण संपलें, तें आपल्या हातानें उघडावें. माहूरच्या ग्रंथांचें कुलूप गरजेहून अधिक टिकलें, आजचीं कदाचित् गरजेहून कमी टिकतील. दोन्हीं ठिकाणीं चुकतें तें एकच : कुलूप लावतांना, किती काळासाठीं, हा प्रश्न विचारावयाचा राहून जातो.