दुरून केलेली मातृपितृसेवा

मातापित्यांची सेवा करावी, हे आपल्या घरांतून कोणास नव्याने सांगावे लागत नाही. तैत्तिरीय उपनिषदातील आचार्य शिष्याला निरोप देतात, तो आईला आणि वडिलांना देव मानण्याचा उपदेश करून. पांडुरंग विटेवर उभा राहिला तो पुंडलिक आईबापांच्या सेवेत गुंतला होता म्हणून, ही कथा तर लहान मुलेही जाणतात. परंतु या कथांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की, पुत्र घरी आहे आणि त्याचे हात आईबापांच्या पायांपर्यंत पोहोचतात. ज्याचे हात पोहोचत नाहीत त्याने काय करावे, हा प्रश्न आज आपल्यापैकी पुष्कळांपुढे उभा आहे.

वस्तुतः आपणा माळव्यातील मराठी कुटुंबांस हा प्रश्न नवा नसावा. अठराव्या शतकात मल्हारराव होळकरांच्या काळी आपले पूर्वज दक्षिणेतून इकडे आले, तेव्हा त्यांतील कित्येकांचे आईबाप कृष्णा-गोदेच्या काठी मागेच राहिले असले पाहिजेत. पत्र आणि जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर पाठविलेला निरोप यांपलीकडे त्यांच्या हाती साधन नव्हते. आज त्यांचे वंशज इंदूर सोडून पुण्यास, बंगळुरास, सातासमुद्रापार जातात आणि रामबागेतल्या किंवा लोकमान्यनगरातल्या घरी मागे उरतात ते वृद्ध आईवडील आणि टेबलावरचा एक संगणक. बँकेचे खाते, विजेचे बिल, पेन्शनीचे कागद, नातवंडांचे मुखदर्शन, हे सर्व आता त्या यंत्रातून होते. यंत्र अडले की मुलाला फोन जातो. विषय वरकरणी किरकोळ दिसतो. पण सेवा म्हणजे काय, याची कसोटी त्या फोनवर लागते, असे माझ्या अनुभवास आले आहे. तो अनुभव माझ्या चुकीचा आहे. म्हणूनच तो सांगण्यास हरकत नसावी.

माझ्या वडिलांचा संगणक २०१४ साली घेतलेला. २०२५ च्या सप्टेंबरात त्यांचा फोन आला. ते म्हणाले, “अरे, कॉम्प्युटरचे घड्याळ रोज सकाळी चुकलेले असते. काही वर्षांपूर्वीची तारीख दाखवतो. मग बँकेचे पान उघडत नाही. तेवढे काय ते बघशील का?” विचारणा एवढीच होती. परंतु मी ती ऐकली नाही. मी ऐकले ते असे की, संगणक जुना झाला. त्याच सुमारास विंडोज १० या प्रणालीच्या सुरक्षेची नित्याची डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार, अशी सूचना सर्वत्र फिरत होती, आणि त्या यंत्राचा प्रोसेसर जुना असल्याने विंडोज ११ त्यावर चढण्यासारखी नव्हती. मी म्हणालो, “बाबा, तुम्ही काळजी करू नका, मी सगळे बघतो.” आठ दिवसांत नवा संगणक घरपोच झाला. स्थानिक कारागिराला मी बंगळुराहून फोनवर सांगितले की, जुन्यातील सर्व कागद नव्यात उतरवावेत, जुन्यातील पुसून टाकावेत आणि ते यंत्र माळ्यावर ठेवून द्यावे. त्याने मी सांगितले तसेच केले. त्याचा काडीमात्र दोष नाही. रात्री मी विचारले, “कसा आहे?” वडील म्हणाले, “छान आहे. वेगवान आहे.” कर्तव्य पार पडल्याच्या समाधानात मी झोपलो.

दोन महिन्यांनी इंदुरास गेलो तेव्हा नवा संगणक झाकून ठेवलेला दिसला. आईने हळूच सांगितले, “त्यांचे लिहिणे बंद आहे.” तेव्हा कळले ते असे. गेली बारा-पंधरा वर्षे वडील त्या यंत्रांवर मराठीत लिहीत होते. आपले घराणे वाईहून इकडे कसे आले याची हकीकत, घरच्या कुलधर्मांची नोंद, आणि आईने हिवाळ्याच्या दुपारी बसून सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्या व मंगळागौरीची गाणी त्यांत होती. हे सर्व त्यांनी जुन्या पद्धतीच्या लिपीत टंकलेले होते. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीच्या त्या लिप्यांत देवनागरी अक्षराची आकृती रोमन अक्षराच्या जागी बसविलेली असे. ती विशिष्ट लिपी यंत्रात नसेल तर तोच मजकूर अर्थहीन इंग्रजी अक्षरांचा ढीग होऊन दिसतो. कारागिराने कागद उतरविले. लिपी उतरविण्यास त्याला कोणी सांगितले नव्हते, कारण सांगणाऱ्यालाच ते ठाऊक नव्हते. वडिलांनी एकेक कागद उघडून पाहिला आणि सर्व नष्ट झाले, असे समजून ते गप्प बसले. आईला त्यांतील पुष्कळ ओव्या आता आठवत नाहीत.

मी विचारले, “बाबा, मला का नाही सांगितले?” ते म्हणाले, “तू एवढ्या हौसेने पाठवलास. तुला कशाला वाईट वाटायला लावायचे?”

दोष यंत्राचा नव्हता, हे लगेच सिद्ध झाले. जुना संगणक माळ्यावरून काढला; ती लिपी त्यात होतीच. पेनड्राइव्हवरून ती नव्या संगणकात घालताच अक्षरे जागच्या जागी उमटली. त्याच कारागिराने जुना संगणक उघडला, तेव्हा घड्याळाचे मर्मही कळले. संगणक बंद असताना त्यातील घड्याळ चालू ठेवण्यासाठी रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो. तो संपला की यंत्र तारीख विसरते. आणि तारीख चुकली की बँकेच्या पानाचे सुरक्षापत्र मुदतीबाहेरचे आहे, असे समजून ते पान उघडण्याचे नाकारते. सेल बदलण्यास शंभर रुपयेही लागले नाहीत. वडिलांनी जे विचारले होते, त्याचे पूर्ण उत्तर एवढेच होते.

आता विचार करू या. माझ्या हेतूत खोट नव्हती, पैशाचा लोभ नव्हता, आळसही नव्हता. मग चुकले कोठे? भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. देश, काळ आणि पात्र पाहून, कर्तव्यबुद्धीने दिलेले ते सात्त्विक. आणि सत्कारावाचून, अवज्ञेने दिलेले ते तामस. आईवडिलांना दिलेल्या वस्तूत अवज्ञा कशी असेल, असे कोणी विचारील. परंतु ज्याला द्यायचे त्याला एका शब्दाने न विचारणे, त्याच्या टेबलावर काय चालते हे जाणून न घेता ते टेबल रिकामे करविणे, ही अवज्ञाच होय. ती गोड शब्दांत गुंडाळलेली असते एवढेच. शिवाय “मी सगळे बघतो” या वाक्याने सोय कोणाची झाली? घड्याळाची तक्रार समजून घेण्यास अर्धा तास शांतपणे बोलावे लागले असते. नवे यंत्र मागविण्यास पाच मिनिटे पुरली. मी पैसा दिला आणि वेळ वाचविला. वृद्धांना मात्र हवा असतो तो बहुधा वेळच. २००७ साली केंद्र सरकारने आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा केला. अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार यांची तरतूद त्यात आहे. कायद्याला यापलीकडे जाता येत नाही. धर्माला जावे लागते.

आपण श्रावणाची कथा सांगतो ती त्याच्या कष्टांसाठी. तिच्यातील दुसरी एक गोष्ट माझ्या ध्यानात आजवर आली नव्हती. त्याचे आईबाप आंधळे होते; वाट दिसत होती ती एकट्या श्रावणाला. तरी कोठे जायचे, हे त्याने ठरविले नाही. त्यांना तीर्थयात्रा घडावी अशी त्यांची इच्छा होती, म्हणून कावड निघाली. खांदा त्याचा होता, यात्रा त्यांची होती. आम्हां शिकलेल्या मुलांना वाट दिसते, म्हणजे यंत्रातले कळते. त्यामुळे यात्राही आमचीच, असे आम्ही धरून चालतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. आईवडिलांचे म्हणणेच घातक असेल तर? सुरक्षेची डागडुजी थांबलेल्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे आहे, आणि ते त्यांना पटत नसेल, तर मुलाने स्वस्थ बसावे काय? मुळीच नाही. धोका स्पष्ट शब्दांत सांगणे हाही सेवेचाच भाग आहे. मात्र सांगणे निराळे आणि परस्पर उरकणे निराळे. सांगू लागलो की मार्गही दिसतात. प्रस्तुत प्रकरणी विंडोज १० साठी काही अटींवर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ मिळत होती. किंवा बँकेसाठी नवा संगणक ठेवून जुना इंटरनेटशिवाय केवळ लिहिण्यासाठी ठेवता आला असता. हे पर्याय मी त्यांच्यापुढे मांडलेच नाहीत. ज्यांची बुद्धी वार्धक्याने खरोखर मंदावली आहे, त्यांच्या वतीने निर्णय घ्यावेच लागतात. पण तेथेही त्यांना कळेल अशा भाषेत सांगून घ्यावेत. माझ्या वडिलांची बुद्धी मंदावलेली नव्हती. माझे लक्ष उणे पडले होते.

दुरून दुरुस्ती करण्याची जी नवी सोय झाली आहे, तिच्यासंबंधीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. आईवडिलांनी पडद्यावरचे आकडे फोनवर वाचून दाखविले की त्यांचा संगणक आपल्या हाती येतो. माऊस त्यांच्या हाताखाली असतो आणि बाण आपल्या इच्छेने फिरतो. वेळप्रसंगी हे अत्यंत उपकारक आहे. परंतु घरात शिरताना आपण जशी हाक मारतो, तशी येथेही मारावी. काय उघडतो, का उघडतो, ते बोलत जावे. ज्याचे काम नाही तो कागद उघडू नये. आणि शक्य तेथे त्यांच्याच हाताने करवून घ्यावे. यात केवळ शिष्टाचार नाही. याच मार्गाने भामटेही घरात शिरतात. अशा साधनांतून होणाऱ्या फसवणुकीविषयी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. “प्रश्न विचारू नका, आकडे सांगा, बाकीचे मी बघतो,” असे मुलगाच नेहमी म्हणू लागला, तर हेच वाक्य उद्या परक्याने अधिकारवाणीने उच्चारल्यास आईवडील त्यालाही आकडे सांगतील. घाईने केलेली सेवा त्यांना आज्ञा पाळण्याची सवय लावते. शांतपणे केलेली सेवा त्यांना विचारण्याची सवय लावते. (अशी फसवणूक घडल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, हे घरोघरी लिहून ठेवणे बरे.)

आणि वडीलधाऱ्या वाचकांसही, मर्यादा सांभाळून, एक विनंती आहे. मुलाला त्रास नको म्हणून “सर्व छान आहे” असे सांगणे हे वात्सल्य खरे. परंतु त्या एका वाक्याने दूर असलेल्या मुलाचे डोळे बांधले जातात. त्याच्याजवळ पाहण्यास दुसरे काही नसते. तुमचा शब्द हीच त्याची दृष्टी असते. माझ्या वडिलांनी दोन महिने दुःख गिळले, ते दुपारच्या एका कामाने नाहीसे होण्यासारखे होते. उणे असेल ते सांगावे. रागावून सांगावे लागले तरी सांगावे.

पुंडलिकाचे हात आम्हांस लाभणार नाहीत. पोटापाण्यासाठी घर सोडलेल्यांस ते शक्य नसते, आणि त्याबद्दल जन्मभर अपराधी वाटून घेण्यात कोणाचेच हित नाही. पण लक्ष देऊन ऐकण्यास अंतराची आडकाठी नाही. फोन आला की दुरुस्ती सुचण्यापूर्वी एवढेच विचारावे : “तुम्ही त्यावर काय करता, ते मला सांगा. आणि काय झाले म्हणजे तुमचे अडणार नाही?” या दोन प्रश्नांची उत्तरे पुरती ऐकून घेईपर्यंत काहीही मागवू नये, काहीही पुसू नये.

आमच्या घरी आता दोन्ही यंत्रे आहेत. नव्यावर बँक आणि नातवंडे; जुन्यावर, मागच्या खोलीत, इंटरनेटशिवाय, वडिलांचे लेखन. या हिवाळ्यात आईला आणखी दोन ओव्या आठवल्या. वडिलांनी त्या लिहून घेतल्या आणि खाली तारीख घातली. तारीख बरोबर होती.