वस्त्रापलीकडील दर्शन

श्रींच्या दर्शनाची ओढ मनी धरून आपण दूरदूरच्या गावांहून येता आणि दर्शनबारीत तासन्‌तास उभे राहता. त्या बारीत आपल्या पुढे-मागे कोण असावे, हे आपल्या हाती नसते. मळकट धोतरातील शेतमजूर, अंगाला डिझेलचा वास येणारा ट्रकचालक, केस पिंजारलेली वृद्धा, दोन्ही हात गोंदवून घेतलेला तरुण. आपली दृष्टी त्यांच्यावरून फिरते न फिरते तोच मन निवाडा देऊन मोकळे होते. पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर जाते. मुखी नामस्मरण चालूच असते!

या संदर्भात श्रीसंत गाडगे महाराजांचे चरित्र मननीय आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेल्या डेबूजींनी १९०५ साली घरादाराचा त्याग केला. अंगावर चिंध्या जोडून केलेला सदरा, मस्तकी फुटक्या मडक्याचे खापर, हाती खराटा. गावात पाऊल टाकताच ते रस्ते झाडावयास लागत. केलेल्या कष्टाच्या बदल्यात मिळेल ती भाकरी गाडग्यात घेत. ज्यांस ओळख नव्हती त्यांस हा कोणी भिकारी वाटला असल्यास नवल नाही. परंतु याच खराटेधाऱ्याने नाशिक, आळंदी, देहू, पंढरपूर या तीर्थक्षेत्रांत यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांस उतरावयास जागा मिळत नसे. त्यांच्यासाठी बांधलेल्या धर्मशाळेस महाराजांनी श्रीसंत चोखामेळ्यांचे नाव दिले.

मात्र अशा कथा ऐकताना एक सावधगिरी बाळगावयास हवी. फाटक्या वस्त्रांआड एखादा महात्मा असू शकेल, म्हणून वाकावे, हाही एक हिशेबच झाला. बहुतेक वेळा त्या वस्त्रांआड महात्मा नसतो. असतो तो रात्रभर एस.टी.च्या प्रवासाने शिणलेला, तहानलेला एक मनुष्य. सौजन्यास तेवढे कारण पुरेसे नाही काय?

शिवाय, महात्मा आहे हे ठाऊक असूनही दार उघडत नाही, हे आपल्याच इतिहासाने दाखविले आहे. चोखोबांची थोरवी संतमंडळींनी जाणली होती. तरीही जन्माकडे पाहणाऱ्यांनी त्यांस राऊळाबाहेरच ठेवले. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळून १३३८ साली त्यांचा अंत झाला. त्यांची समाधी पंढरीच्या महाद्वारी, नामदेव पायरीसमोर आहे. आज हजारो मस्तके तेथे नमतात. मात्र चोखोबांच्या बांधवांस ती पायरी ओलांडून आत जाता यावे, यासाठी साने गुरुजींस १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावे लागले. मध्ये सहाशे वर्षे लोटली होती. बारीत एका नजरेत होणारा आपला निवाडा त्याच जुन्या सवयीचा अंश आहे.

श्रीसंत एकनाथ महाराजांनी कावडीतील गंगाजल तहानेने तळमळणाऱ्या गाढवास पाजले, ही कथा कीर्तनात आपण डोळे पुसत ऐकतो. आपल्या जवळील पाण्याची बाटली शेजारच्या अनोळखी माणसापुढे करताना मात्र हात आखडतो. देणगीदार बंधुभगिनींच्या उदारतेवर अन्नछत्रे चालतात, भक्तनिवास उभे राहतात. त्याची रीतसर पावती मिळते, फलकावर नावही कोरले जाते आणि ते योग्यच आहे. पुढे केलेल्या बाटलीची पावती नाही.

पंगतीत कोणी जागेसाठी घुटमळत असेल, तर थोडे सरकून त्यास शेजारी बसवावे. बारीत लेकुरवाळीचे मूल घटकाभर कडेवर घ्यावे, आधी तिला विचारून. ज्यांस फलक वाचता येत नाही, त्यांस भक्तनिवासाची वाट नुसती बोटाने न दाखविता चार पावले बरोबर चालून दाखवावी. आणि चालता चालता त्यांचे गाव कोणते, हेही विचारावे.