चाक बदलले, गाडी तीच का?

मोटारीचे चाक हबवर बसते ते बोल्टांच्या ठरलेल्या मांडणीत: उदाहरणार्थ, चार बोल्ट १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर, किंवा पाच बोल्ट ११४.३ मिलिमीटरवर. वेगळ्या मांडणीचे चाक बसवायचे तर अडॅप्टर लावतात किंवा हबच बदलतात. खंडेनवमीला पूजलेली, येरमाळ्याच्या येडेश्वरीचे दर्शन घडवून आलेली गाडी मग तीच राहते का?

न्याय-वैशेषिकांच्या मते अवयव बदलला की जुना अवयवी (अवयवांची बनलेली अखंड वस्तू) नष्ट होऊन नवा उपजतो. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन सांगतो की चाक, आस, जू यांपैकी एकही रथ नव्हे; रथ हे त्यांच्या जुळणीचे व्यवहारातले नाव. आरटीओ मात्र गाडी तीच का हे ठरवायला चासी क्रमांक पाहते.

पूजेचे नाते सुट्या भागांशी नसते, मालकाच्या भक्तिभावाशी असते. म्हणून नव्या चाकासाठी पुन्हा नारळ फोडण्याची गरज नाही. बोल्ट नीट आवळण्याची मात्र आहे.