विकतचा घास

शेजाऱ्याकडून आलेले फराळाचे ताट रिकामे परत करू नये, अशी आपल्याकडची रीत आहे. चार करंज्या आल्या तर निदान दोन अनारसे ठेवूनच ते ताट माघारी जाते. या रीतीत गोडवा पुष्कळ आहे, पण हिशेबही थोडा आहे. कोणाकडून काय आले आणि कोणाकडे काय गेले याची वही गृहिणी ठेवीत नसल्या, तरी ती त्यांच्या डोक्यात चांगली सुवाच्य लिहिलेली असते. ज्याच्या घरी परत ठेवायला काहीच नाही, तो मनुष्य ते ताट हातात घेताना संकोचतो. फुकटच्या घासाला वजन असते ते असे.

विकतच्या घासाला असले वजन नाही. पैसे टाकले, खाल्ले, तोंड पुसले आणि चालू लागले. कोणाचे देणे नाही, कोणाचे घेणे नाही. म्हणूनच की काय, आपल्या जुन्या माणसांना तो घास हलका वाटे. अन्न विकणे हे पाप, ते दान करावे, असे शास्त्र सांगे. आणि हॉटेलात जाणारा मुलगा वाया गेला असे घरातील वडीलधारी मंडळी सांगत. आता दिवाळीचा फराळसुद्धा दुकानातून येऊ लागला आहे, आणि दरवर्षी कोणीतरी त्याबद्दल हळहळतोच. विकतच्या चकलीला घरची खुसखुस नसते हे मीही मान्य करतो. परंतु विकतच्या अन्नात माणुसकीच नसते, असे जे त्याला जोडून म्हटले जाते, ते मला पटत नाही. आज त्या बिचाऱ्याची थोडी वकिली करावी असा विचार आहे.

आमच्या अकोल्याला ऐतिहासिक शहर म्हणायला बाहेरचे लोक कचरतात. असदखानाचे नाव मिरवणारा असदगड मोर्णेच्या काठी उभा असला, तरी पाहुणा विचारतो तो आलूबोंडा कुठे चांगला मिळतो हेच. त्यात मला काही वावगे वाटत नाही. शहराचा इतिहास किल्ल्यात जितका असतो तितकाच त्याच्या खानावळींतही असतो; फक्त तेथे पाटी लावलेली नसते. कापसाच्या हंगामात बाजारात आलेला शेतकरी, कोर्टाच्या तारखेला आलेला त्याचा भाऊ, तालुक्याहून शिकायला आलेला मुलगा, नुकतीच बदली होऊन आलेला मास्तर, या सगळ्यांना या शहराने प्रथम ओळख दिली ती खानावळीच्या ताटावर. भाकर, ठेचा, वांग्याची भाजी, एखाद्या दिवशी पातोडीचा रस्सा. नातेवाईक नसलेल्या गावात मनुष्य राहू शकतो ही गोष्ट आपल्याला फार साधी वाटते. पण ती शक्य केली खानावळीने. त्यापूर्वी परगावी जेवायचे म्हणजे कोणाचा तरी कोण असावे लागे, आणि ‘तुम्ही कोणाचे?’ या प्रश्नाच्या पोटात ‘तुमची जात कोणती?’ हा प्रश्न बसलेला असे.

पाहुणचाराची ही दुसरी बाजू आपण विसरतो. फुकट वाढणारा हात कोणाला वाढायचे ते ठरवतो, आणि फुकट घेणारा कोणाच्या हातचे घ्यायचे ते ठरवतो. पुण्यात 14 ऑक्टोबर 1890 रोजी पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे आली. मंडळी साधीसुधी नव्हती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, त्यांची नावे वर्तमानपत्रात छापून दिली आणि शहरात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि रानड्यांसारख्या माणसाला पुढे प्रायश्चित्त घ्यावे लागले. एवढा गहजब एका पेल्यावरून! आणि पुढे काही वर्षांतच त्याच पुण्यात चहाची दुकाने निघाली, लोक तेथे बसून पेल्यामागून पेले पिऊ लागले, आणि कोणाला प्रायश्चित्त आठवेनासे झाले. यजमानाच्या हातचा चहा बाटवतो आणि दुकानदाराच्या हातचा बाटवत नाही, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे कोण जाणे.

तेव्हा, जातीची गाठ पैशाने सोडवली असे म्हणून मोकळे व्हावे काय? तसे म्हणता आले असते तर फार बरे झाले असते. पण ज्या चहाच्या दुकानाने एकाला बाकावर बसवले, त्याच दुकानाने दुसऱ्यासाठी बाहेर कान तुटलेला वेगळा कप ठेवला. त्याने तो आपणच विसळायचा आणि आपणच परत ठेवायचा. पैसा मात्र आतल्या गिऱ्हाइकाइतकाच द्यायचा. रेल्वेच्या स्टेशनांवर हिंदू पाणी निराळे आणि मुसलमान पाणी निराळे, हे तर इंग्रज सरकारच्या देखरेखीखाली चाले. नाण्याला जात नसते हे खरे, पण ते घेणारा हात कोणाचा तरी असतोच.

आणि हे दुखणे आपल्या एकट्याचे नाही. इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे 1650 च्या सुमारास कॉफीचे पहिले दुकान निघाले. एक पेनी टाकावी, लांब टेबलाशी मिळेल त्या जागी बसावे, वर्तमानपत्र वाचावे आणि शेजारी सरदार असो की शिंपी, त्याच्याशी वाद घालावा, अशी त्या दुकानांची ख्याती. फक्त बायकांना गिऱ्हाईक म्हणून तेथे सहसा जागा नसे; समतेच्या टेबलालाही असा एक पाय आखूडच होता. वाटसरूला सबळ कारणाशिवाय दाराबाहेर ठेवू नये, हा तर त्या देशातील खाणावळवाल्यांवर कायद्याने घातलेला फार जुना निर्बंध. तरीही 1943 साली लॉर्ड्सवर सामना खेळायला आलेल्या लिअरी कॉन्स्टंटाइनला लंडनमधल्या एका मोठ्या हॉटेलाने राहू दिले नाही. हा वेस्ट इंडीजचा थोर क्रिकेटपटू. खोली आगाऊ ठरवलेली, बायको आणि मुलगी बरोबर. पण काळ्या माणसाच्या शेजाराला इतर पाहुणे, विशेषतः अमेरिकन, हरकत घेतील असे व्यवस्थापकांचे म्हणणे. तो न्यायालयात गेला आणि 1944 साली जिंकला. भरपाई मिळाली पाच गिनी! रक्कम हसण्यासारखी आहे, पण मला तो निकाल मोठा वाटतो. कॉन्स्टंटाइनने मेहेरबानी मागितली नव्हती. मी गिऱ्हाईक आहे, मला दार उघडा, एवढेच त्याचे म्हणणे होते.

हेच म्हणणे आपल्या राज्यघटनेने 1950 साली लिहून ठेवले. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असे पंधराव्या कलमात आहे. मूलभूत हक्कांच्या गंभीर यादीत चहाच्या दुकानाचा उल्लेख कशाला, असे आमच्या वर्गातील एका चुणचुणीत मुलीने मला एकदा विचारले होते. ज्यांना बाहेरचा कप मिळाला होता त्यांना तो उल्लेख का, हे विचारावे लागले नसते.

विकतच्या घासाचा मोठेपणा मला येथे दिसतो. तो मनुष्याला हक्क देतो. जेवण बरे नसले तर तो तक्रार करू शकतो, पोळी कच्ची असली तर परत पाठवू शकतो. लग्नाच्या पंगतीत बसलेल्या गरीब नातेवाइकाला हे कधी जमले आहे काय? सरकारने 26 जानेवारी 2020 रोजी शिवभोजन थाळी सुरू केली तेव्हा दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण आणि एक मूद भात यांचे दहा रुपये ठेवले. शहरात त्या थाळीमागे आणखी चाळीस रुपये सरकार घाली. मग ते दहा तरी कशाला, असे पुष्कळांनी म्हटले. मला मात्र ते दहा रुपयेच महत्त्वाचे वाटले. रांगेतला माणूस त्यांमुळे गिऱ्हाईक राहतो. साथीच्या दिवसांत ती थाळी काही काळ फुकट झाली. तेव्हा तो उपाय योग्यच होता, कारण हातात दहा रुपयेही नसलेला मनुष्य समोर उभा असताना तत्त्वे सांगत बसणारा कठोर म्हणावा लागेल.

आमच्या वऱ्हाडातले गाडगेबाबा तर नाणेही वापरीत नसत. गावात शिरायचे, आधी खराटा हाती घेऊन रस्ते झाडायचे, मग भाकर मागायची आणि ती आपल्या गाडग्यात घ्यायची. पोटभर उपकार वाटणाऱ्या गावात त्यांनी उपकार म्हणून एक तुकडा घेतला नाही. भाकरीची किंमत आधीच चुकती केलेली असे.

इथवर माझी वकिली ठीक चालते. पुढे मात्र एक अडचण आहे. आपण सारखा खाणाऱ्याचा विचार करतो. खाऊ घालणाऱ्याचे काय? ज्यांच्या हातचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या कोणी घेतले नाही, त्यांचा केवळ बसायचाच हक्क हिरावला गेला नव्हता, वाढायचाही गेला होता. कोल्हापुरात 1920 च्या सुमारास शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल सवर्णांनी मारले. महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला सांगितले आणि मदत केली. हॉटेल निघाले, पण शहरातले लोक येईनात. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तेथला चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजू लागले. ही गोष्ट सांगताना लोक राजाच्या मनाचे मोठेपण सांगतात, आणि ते सांगावेच. माझी नजर मात्र किटली धरणाऱ्या हातावर जाते. त्या दिवशी कोल्हापुरात गंगारामांनी छत्रपतींना काही दिले.

माझा एक जुना विद्यार्थी स्टेशनकडच्या रस्त्यावर चहाची गाडी लावतो. त्याच्या आज्याला गावात बाहेरचा कप होता. ते त्यानेच मला सांगितले, अगदी सहज, दूध ओतता ओतता. मी चहा घेतला की पैसे पुढे करतो आणि तो हात मागे घेतो. ‘‘गुरुजी, तुमचे पैसे नाही घेत मी.’’ मी म्हणतो, ‘‘अरे बाबा, धंदा आहे तुझा.’’ तो म्हणतो, ‘‘धंदा साऱ्यायसाठी हाये न गुरुजी. तुमच्यासाठी कायचा धंदा?’’

आता वरचे सगळे तत्त्वज्ञान येथे लावून पाहा. पैसे द्यावेत तर मी त्याला फक्त दुकानदार ठरवतो आणि त्याने मांडलेला पाहुणचार परत करतो. न द्यावेत तर त्याची दिवसाची कमाई बेताची आहे हे मला ठाऊक आहे. एकदा मी नोट हळूच बशीखाली ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी त्याने ती घरी आणून दिली, थोडा रागावलेला होता. तेव्हापासून आठवड्यातून चार दिवस मी गिऱ्हाईक असतो आणि रविवारी त्याचा पाहुणा, असे आमचे ठरले आहे. रविवारी तो आले जरा जास्त घालतो.