मागे मोजलेले दिवस

एका गावात दोन भाऊ होते. वडिलोपार्जित जमीन त्यांनी वाटून घेतली होती, मधे एक बांध. दोघेही महाशिवरात्रीच्या बाजारासाठी रताळी लावत. त्या दिवशी घरोघरी उपास, म्हणून गिऱ्हाईक हमखास.

थोरल्याने वसुबारसेच्या आधीच सऱ्या पाडल्या. वेलाचे वीतभर तुकडे घेतले, मधला भाग मातीत दाबला, टोकं बाहेर ठेवली. धाकटा म्हणाला, "दिवाळी होऊ दे, चंपाषष्ठी होऊ दे." मग त्याने वेल लावले. माघापर्यंत दोन्ही रानं सारखीच हिरवीगार दिसू लागली.

शिवरात्रीच्या तोंडावर दोघांनी कुदळी घातल्या. थोरल्याच्या वरंब्यातून भरदार रताळी निघाली. धाकट्याच्या वेलाखाली बोटाएवढी मुळं होती. त्याच्या वेलाला ८० दिवसच मिळाले होते. पाला वाढला होता, मुळं भरायची राहिली होती.

दुसऱ्या वर्षी धाकट्याने दसऱ्यालाच लावणी उरकली. शिवरात्रीला अर्धं रान काढलं. भाव मनासारखा मिळेना, तेव्हा उरलेलं तसंच ठेवलं. "जमिनीत आहे, वाढेलच की." ऊन तापलं, वरंबे भेगाळले, भेगांतून सोंडकिडे आत शिरले. चैत्रात काढलेली रताळी पोखरलेली होती, चवीला कडू.

तिसऱ्या वर्षी तो आईजवळ जाऊन बसला. "आई, नेमकं लावायचं तरी कधी?"

"शिवरात्रीपासून मागे मोज. चार महिने."

त्याने बोटांवर मोजलं. दिवाळी आली. तेव्हाच त्याने वेल लावले.

साडेतीन महिन्यांनी म्हातारी बांधावर आली. एक वेल उकरून तिने रताळं कापलं आणि थोडा वेळ थांबली. कापावरचा चीक पांढराच सुकला, काळा पडला नाही. "भरलंय," ती म्हणाली. "आता पाणी तोड. आठवड्याने काढ, आणि काढायला लागलास की मागे ठेवू नकोस."

त्या शिवरात्रीला दोन्ही भावांच्या पाट्या शेजारी शेजारी लागल्या.

धाकट्याने दोन्ही वर्षी कष्ट कमी केले नव्हते. एकदा आळसाने लावणीचे दिवस खाल्ले, एकदा हावेने काढणीचे. पिकाला त्याचे पुरते दिवस द्यावेत, आणि ते भरले की हात आखडू नये. काढणीचा दिवस लावणीच्याच दिवशी ठरलेला असतो.