उगमाची वाट आणि शेजाऱ्याचा हक्क



आपल्यापैकी अनेकांची घरे नीरा आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात आहेत. बारामतीच्या रानात येणारे पाणी नीरा डाव्या कालव्याचे. इंदापूरच्या उत्तर अंगाला पसरलेले पाणी उजनीचे, म्हणजे भीमेचे. नीरा-नरसिंगपूरला या दोन्ही नद्या एक होतात. या पाण्यावर आपला ऊस उभा राहतो, याच पाण्याने आपण वुजू करतो आणि याच पाण्याने आपल्या मय्यतीला अखेरचे गुस्ल देतो. हे पाणी येते कोठून, असे मी एकदा मक्तबमधील मुलांना विचारले. उत्तर आले, ‘पाटातून’. त्या उत्तराने मी अस्वस्थ झालो, कारण माझे स्वतःचे ज्ञानही त्यापुढे फारसे गेलेले नव्हते. म्हणून गेल्या हिवाळ्यात मशिदीतील काही तरुणांना सोबत घेऊन मी खेड तालुक्यातील भोरगिरीहून भीमाशंकरच्या जंगलवाटेने चाललो.

निघण्यापूर्वी एका तरुणाने शंका काढली, “मौलाना, तो डोंगर तर दुसऱ्यांचे तीर्थ आहे. आपले तिथे काय काम?” शंका प्रामाणिक होती. मी त्याला सांगितले की, आपण कोणाच्या उपासनेत सहभागी होण्यासाठी जात नाही आणि कोणाच्या श्रद्धेचा अनादर करण्यासाठी तर मुळीच नाही. परंतु डोंगर, झाड आणि झरा यांचा निर्माता एकच आहे. सूरह अल्-अन्कबूतमध्ये (२९:२०) अल्लाह माणसाला पृथ्वीवर फिरून निर्मितीचा आरंभ कसा झाला ते पाहण्याचा आदेश देतो. शिवाय झऱ्यापर्यंतची पायपीट आपल्याला परकी कशी असेल? हज आणि उमऱ्यात सफा-मरवाच्या सात फेऱ्या आपण घालतो, ती एका तहानलेल्या बाळाच्या आईची धावपळ आहे आणि तिच्या शेवटी झमझम आहे.

भोरगिरीच्या पुढे नदीचा ओढा होतो, ओढ्याची धार होते. भिगवणला किंवा पळसदेवला उभे राहिले की जिचा पैलतीर धूसर दिसतो, ती भीमा येथे आमच्यातील सर्वांत धाकट्या मुलाने एका उडीत ओलांडली. सुमारे ८६१ किलोमीटर वाहून कृष्णेला मिळणारी नदी ती हीच. पुढे गुप्त भीमाशंकर म्हणून एक जागा आहे. वर उगम पावलेला प्रवाह मध्येच जमिनीत लुप्त होतो आणि तेथे पुन्हा प्रकट होतो, असे स्थानिक लोक सांगतात. ते ऐकताना मला सूरह अल्-मुल्कची अखेरची आयत (६७:३०) आठवली. तुमचे पाणी भूगर्भात खोल उतरून गेले, तर वाहते पाणी तुम्हाला कोण आणून देईल, असा प्रश्न तेथे माणसाला विचारला आहे. ही आयत मी शेकडो वेळा पठण केली होती. त्या दिवशी ती प्रथमच मला उद्देशून विचारली गेली.

हे जंगल १९८५ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. आपल्या राज्याचा प्राणी शेकरू येथेच राहतो. आम्हाला तो झाडाच्या शेंड्यावर दिसलाही. पाचोळ्याचा जाड थर आणि मुळांचे जाळे पावसाचे पाणी धरून ठेवतात आणि मग ते सावकाश सोडतात. अल्लाह आकाशातून पाणी उतरवतो आणि जमिनीत झऱ्यांच्या रूपाने ते चालते करतो, असे सूरह अज्-जुमरमध्ये (३९:२१) सांगितले आहे. त्या व्यवस्थेचे एक साधन म्हणजे हे अरण्य. ते तुटले, तर त्याची झळ शेवटी आपल्याही विहिरीला लागणार.

दुपारी एका वाडीत आम्ही पाणी मागितले. महादेव कोळी समाजातील एका वृद्ध आजींनी तांब्या भरून दिला. आम्ही बारामतीचे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “म्हंजी आमचं पाणी जातं तिकडचं तुमी.” त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. पावसाळ्यात चार महिने तेथे पाऊस थांबत नाही. मात्र कातळावरून सारे पाणी खाली धावते आणि चैत्र-वैशाखात त्याच बायकांना हंडा घेऊन लांबच्या झऱ्यावर जावे लागते. पाणी त्यांच्या दारातून निघते आणि साठते आपल्याकडे.

वाचकहो, येथे खरा प्रश्न उभा राहतो. पाणी कोणाचे? ज्याच्या माथ्यावर ते पडते त्याचे, ज्याच्या शेतातून ते आधी जाते त्याचे, की ज्याला तहान लागली आहे त्याचे?

मदीन्यातील हर्रा या खडकाळ भागातून वाहणाऱ्या एका पाटावरून असाच तंटा झाला होता. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत तो नोंदलेला आहे. ह. जुबैर (रजि.) यांचे खजुराचे रान वर होते आणि एका अन्सारी सहाबींचे खाली. तंटा पैगंबर मुहम्मद (स.) यांच्यापुढे आला. प्रथम त्यांनी जुबैर यांना सांगितले की, आपले रान भिजवा आणि पाणी शेजाऱ्याकडे जाऊ द्या. खालच्या माणसाला तो नात्याचा पक्षपात वाटला आणि तसे तो बोलून गेला. तेव्हा प्रेषितांनी (स.) जुबैर यांना त्यांचा पूर्ण हक्क दिला, बांधाला पाणी लागेपर्यंत ते अडवा, असे सांगितले.

या घटनेत दोन पायऱ्या आहेत, हे लक्षात घ्यावे. दुसरा निर्णय हक्काचा आहे. वरच्याला आधी पाणी घेण्याचा अधिकार आहे, पण त्यालाही बांधाची मर्यादा आहे. पहिला निर्णय एहसानचा आहे. गरजेपुरते घ्या आणि हक्क शिल्लक असतानाच पाणी पुढे सोडा. प्रेषितांनी (स.) आरंभ एहसानपासून केला, हक्काचे माप काढण्याची वेळ तंटा वाढल्यावर आली. आपण मात्र आरंभच हक्कापासून करतो. गरजेपेक्षा अधिक असलेले पाणी अडवून ठेवू नये, ही ताकीदही सहीह हदीसांत आहे.

आता स्वतःचा दोष सांगतो. मदरशातून फारिग होऊन गावी आलो, त्या उन्हाळ्यातील गोष्ट. वडिलांच्या रानात रात्रीच्या पाळीला मी दारे धरत होतो. आमचे भरणे दोन वाजता पुरे झाले. पाळी पाचपर्यंत होती. बारा मोडून पाणी खालच्या शेजाऱ्याला देता आले असते. ‘वेळ आपली आहे’ म्हणून मी ते भिजलेल्या उसातच फिरवत ठेवले. मग फज्रची अजान मीच दिली. त्या आठवड्यात शेजाऱ्याचे मेथीचे वाफे वाळले. नियमाने माझे काही चुकले नव्हते आणि जुबैर यांची हदीस मला अरबीत पाठ होती.

पुणे-पिंपरीचे मैलापाणी उजनीत येते म्हणून आपण संतापतो, आणि तो संताप रास्त आहे. कालव्याच्या शेपटाला पाणी पोहोचत नाही ही तक्रारही खरी आहे. उजनीसाठी इंदापूरची गावे पाण्याखाली गेली, त्याचे दुःख अजून ताजे आहे. पण खाली असताना जो न्याय आपण मागतो, तो वर असताना देतो का? आपल्या पाण्याच्या वर भोरगिरी आहे, आपल्या खाली पंढरपूर आहे. प्रत्येक जण कोणाचा तरी जुबैर आहे आणि कोणाचा तरी अन्सारी शेजारी आहे. म्हणून पाण्याचा शुक्र ‘अल्हम्दुलिल्लाह’ या उच्चाराने सुरू होतो, पण तेथे पुरा होत नाही.

मग काय करावे? प्रेषित (स.) एक मुद्द पाण्यात, म्हणजे एका लिटरच्या आतबाहेर पाण्यात, वुजू करीत. आपल्या वुजूखान्यातील तोटी किती वेळ उघडी असते, ते या जुम्याला पाहावे. ठिबक संचावर ऊस येत असेल, तर मोकाट पाणी सोडू नये. आपले भरणे झाले की पाळी संपण्याची वाट न पाहता खालच्याला हाक मारावी. तो कोणत्या धर्माचा आहे, हा प्रश्न तेथे येत नाही. आणि मुलांना एकदा तरी उगमापर्यंत पायी न्यावे. जाताना प्लास्टिकची बाटली तेथे टाकू नये, हेही सांगावे.

परतल्यावर मी त्या शेजाऱ्यांकडे गेलो, कारण माणसाचा हक्क माणसाकडूनच माफ करून घ्यावा लागतो. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मौलाना, तवा राग आला होता खरा. पण इचारायला आलात, बरं वाटलं.” पुढच्या पाळीला रात्री दोन वाजता मी त्यांना फोन केला. ते बॅटरी घेऊन बांधावर आले आणि आम्ही दोघांनी मिळून बारा मोडला.

अल्लाह आपल्याला पाण्याची अमानत ओळखण्याची आणि शेजाऱ्याचा हक्क त्याने मागण्यापूर्वी देण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.